आजवर हे कोणी राखलं?

मनू, तुझा लांबलचक मेसेज वाचला आणि मुद्दामच दोन ओळींत उत्तर दिलं नाही. हे निवांत बोलायचं प्रकरण आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी हातात येतेय, आईच्या मते आता बँकेच्या परीक्षांना बसावं, आणि तुला ‘संवर्धनात काहीतरी’ करायचंय. तुझी ओढ खरी आहे याबद्दल मला जराही शंका नाही. पण ते ‘काहीतरी’ आधी सोडवून बघू या, कारण तुझ्या वयाच्या पुष्कळ मुली नेमक्या तिथेच अडकतात.

अगं, जुन्या कागदांचं मी जे करते तेही संवर्धन आणि वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणारा माणूस करतो तेही संवर्धन. अकोले तालुक्यातल्या राहीबाई बियाणं जपतात, गडचिरोलीतलं एक अख्खं गाव आपलं जंगल सांभाळतं, अजिंठ्याच्या लेण्यांत रसायनतज्ज्ञ भिंतींवर वर्षानुवर्षं घालवतात. लांबून सगळं सारखंच दिसतं. पण यातल्या एका ठिकाणचा नियम उचलून दुसरीकडे लावलास, तर होत्याचं नव्हतं होऊ शकतं. म्हणून इतकी वर्षं यात काढल्यावर मी कुठल्याही कामाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारते, तोच तुला देते: ही गोष्ट आजवर कोणी राखली? कुठल्याही जंगलात, संग्रहालयात, गावात शिरताना हा प्रश्न घेऊन जा. पुढचं बरंचसं त्यातून आपोआप सुचतं.

माझ्या टेबलावरचंच सांगते. सध्या एक रुमाल उघडलाय. पुण्याच्या दप्तरांत कागदांची जी गाठोडी असतात ना, त्यातलं एक. आत मोडीतले हिशेब, अठराव्या शतकातले, हातकागदावर बोरूने लिहिलेले. कडा कसरीने खाल्ल्यात. कसर वाळवीसारखी आरपार जात नाही, ती कागद वरवर खरवडत जाते. त्यामुळे पान उजेडासमोर धरलं की मधेच ढगासारखे पातळ भाग दिसतात. आधी मऊ ब्रशने धूळ काढायची, शिवणीच्या खाचांतूनसुद्धा. मग गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ करायची आणि फाटल्या कडेला जपानी टिश्यूची पट्टी लावायची. ती पट्टी आम्ही कात्रीने कापत नाही. पाण्याची बारीक रेघ ओढायची आणि हाताने फाडायची, म्हणजे कडेला तंतू मोकळे सुटतात आणि जुन्या कागदात मिसळून बसतात. बोटाला जोड लागत नाही इतकं ते मऊ होतं. काजळाची शाई पाण्याने पसरते, म्हणून प्रत्येक ओलावा मोजूनमापून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खळ अशी हवी, की पन्नास वर्षांनी कोणाला माझं काम काढून टाकावंसं वाटलं, तर थोड्या दमटपणाने ते सुटलं पाहिजे. गेलेली अक्षरं मी अंदाजाने भरत नाही. तिथे कोरी जागाच राहते.

आता विचार, हे कागद आजवर कोणी राखले? ज्यांची नावं कुठेच नाहीत अशा कारकुनांनी. त्यांनी ते सुती कापडात घट्ट बांधले, उजेड लागू दिला नाही, पावसाळ्यानंतर उघडून बघितले. शिवाय तो कागदच दमदार. चिंध्यांच्या लांब तंतूंचा. पेशवाईतलं पान माझ्या हातात आजही निमूट वाकतं, आणि १९४० च्या सुमाराचं वर्तमानपत्र घडीवर मोडतं, कारण लाकडाच्या लगद्याचा कागद स्वतःतल्याच आम्लाने ठिसूळ होत जातो. सर्वांत मोठं नुकसान मात्र मी पाहते ते ‘टिकावं म्हणून’ केलेल्या उपायांचं: पारदर्शक चिकटपट्टी, दुकानात करून आणलेलं लॅमिनेशन. चिकटपट्टीचा डिंक कागदात उतरतो, पिवळा-तपकिरी डाग पडतो आणि तो निघता निघत नाही. घराघरांत पोथ्या आणि सनदा अशा मायेने मारल्या गेल्यात, मनू. मला ते बघून अजूनही कळवळायला होतं.

हे फक्त घरी होतं असं समजू नकोस. अजिंठ्याचंच बघ. १९२० च्या सुमाराला निजाम सरकारने तिथली चित्रं सावरायला इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी. हेतू उत्तम, माणसं निष्णात. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला धरून ठेवला, हे त्यांचं ऋणच आहे. पण चित्रं उठून दिसावीत आणि टिकावीत म्हणून त्यांवर लाखेच्या द्रावणाचा थर दिला. तो थर पुढे पिवळा पडला, त्यावर धूळ आणि वटवाघळांची घाण बसली, रंग काळवंडले. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी तो थर काढण्यात दशकं घालवली. भिंतीवर मातीचा गिलावा, त्यात भुसा आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. जरा जास्त द्रावक लागलं की थरासोबत चित्रच यायचं. तिथे बोटभर जागा स्वच्छ करणं म्हणजे काय असतं, हे मी कागदावरून थोडंफार ताडू शकते. म्हणून आमच्या कामात पहिला धडा हाच असतो, की जे मागे घेता येणार नाही ते करू नये.

आता गंमत बघ. हा ‘कमीत कमी हात लाव’चा धडा घेऊन तू कोंभाळण्याला गेलीस, तर तिथे तो निरुपयोगी आहे. राहीबाई पोपेरे यांचं हे गाव. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा तू शाळेत होतीस, आठवत असेल. त्यांनी जमवलेले वाल, घेवडे, भात, नाचणी, भाज्यांचे वाण कपाटात कुलूपबंद ठेवून टिकणारच नाहीत. बी म्हातारं होतं. ते दर हंगामात पेरावं लागतं, त्यातलं निरोगी झाड हेरून ठेवावं लागतं, शेंगा झाडावरच वाळू द्याव्या लागतात, मग राख चोळून मडक्यात. हे कोणी राखलं? घरातल्या बायकांनी, आणि त्यासाठी त्यांना कोणी पगार दिला नव्हता. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बियाणं उणे १८ अंशांवर ठेवतात, तेही हवंच, दुष्काळ-पुरात सगळं गेलं तर तो आधार. पण गोठवलेलं बी जिथल्या तिथे थांबतं. शेतातलं बी दर वर्षीचा लांबलेला पाऊस, नवी कीड, बदललेली थंडी झेलत झेलत शिकत जातं. आणि एक वाण जगायचं तर तो वाल कोणीतरी रांधून आवडीने खाल्ला पाहिजे. आपण खाणं सोडलं की शेतकरी पेरणं सोडतो. इथे वापर हीच राखण.

वेळासबद्दल जास्त बोलणार आहे, कारण तू तिथल्या महोत्सवाचे फोटो पाठवले होतेस. नाना फडणवीसांचं मूळ गाव, बाणकोट खाडीच्या तोंडाशी. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या भाऊ काटदरे आणि मंडळींना कळलं, की इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि बहुतेक घरटी माणसं, कुत्री, कोल्हे उकरतात. त्यांनी गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं नाही. वाळूवरची खूण ज्यांना वाचता येत होती अशा गावातल्याच माणसांना बरोबर घेतलं. पहाटे किनारा चालायचा, मादी वर आल्याची आणि परत गेल्याची पावलं शोधायची, काठीने वाळू चाचपून घरटं हेरायचं. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी. ती काही तासांच्या आत हलवली तर चालतं, नंतर आतला जीव भिंतीला धरतो आणि अंडं फिरवलं तर मरतो. कुंपणातल्या जागेत खड्डा करायचा तोही मादीने केला होता तसाच, दीडेक फूट खोल, तोंड अरुंद आणि तळाला फुगीर. मग साधारण पन्नास दिवस वाट बघायची. पिल्लं वर आली की ती उचलून पाण्यात टाकायची नाहीत. वाळूवर ठेवायची आणि त्यांची त्यांना जाऊ द्यायची.

तुझ्या फोटोंत जी गर्दी होती ना, तिच्यावर तू वैतागली होतीस. तुझं म्हणणं खरं आहे, मोबाइलचे दिवे लावून पिल्लांच्या वाटेत उभे राहणारे लोक मलाही सोसत नाहीत. पण त्याच गर्दीतले लोक गावातल्या घरांत उतरतात, तिथल्या बायकांच्या हातचं जेवतात, आणि ते पैसे गावात राहतात. कासवाचं अंडं खाण्यापेक्षा कासव जगवण्यात घरचा फायदा आहे, हे गावाला हिशेबाने पटलंय. भावना चार दिवस टिकते, असा हिशेब टिकतो. तू तिथे काम करायला गेलीस, तर गर्दीला शिव्या देण्यापेक्षा दोरी कुठे बांधायची, एका वेळी किती माणसं सोडायची, हे गावकऱ्यांशी बसून ठरव. तेही संवर्धनाचंच काम आहे, आणि फार गरजेचं.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, ती सांगते. माळढोक. सोलापूर-नगरच्या माळरानांवरचा उंचापुरा, दहा-बारा किलोंचा पक्षी. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, थोडंथोडकं नव्हे, ८,४९६ चौरस किलोमीटर. त्या रेषेच्या आत शेतं आली, गावं आली, बाजारपेठा आल्या. आपल्याच जमिनीची खरेदी-विक्री अडायला लागली, बांधकामं अडली. ज्या शेतकऱ्याने आजवर त्या पक्ष्याला आपल्या रानात फिरू दिलं होतं, त्याला तोच पक्षी नकोसा वाटायला लागला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर केलं, पण तोवर मनं आणि माळ दोन्ही बदलले होते. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं जवळपास संपलंय.

आणि माळाचं दुःख वेगळंच. झाड नाही म्हणजे जमीन पडीक, असं आपल्या डोक्यात बसलंय. मग कोणी पुण्य म्हणून, कोणी उद्दिष्ट म्हणून तिथे झाडं लावतं. तुला मी काय सांगू, गवताची ओळख तुला माझ्याहून जास्त. पवन्या, कुसळी, डोंगरी गवत, त्यांवर जगणारे धाविक, चंडोल, खोकड, लांडगे. त्या सगळ्यांना उघडी जमीन हवी असते. माळावर ग्लिरिसिडियाची रांग उभी करणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. हा माळ कोणी राखला? धनगरांच्या मेंढ्यांनी, ठरावीक काळ चरून आणि पुढे सरकून. त्या माणसांना आपण अतिक्रमण करणारे ठरवलं. हे मला पटत नाही आणि तुलाही पटू नये.

एक संवर्धन दुसऱ्याच्या आड कसं येतं, तेही माळढोकाच्याच वाट्याला आलंय. राजस्थान आणि गुजरातच्या ज्या भागात तो अजून आहे, तिथेच ऊन-वारा भरपूर, म्हणून सौर आणि पवन ऊर्जा प्रकल्प. कोळसा वाचवायचा तर हे प्रकल्प हवेतच. पण माळढोकाचे डोळे बाजूला असतात, समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि एवढं जड अंग पटकन वळत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पट्ट्यात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, आणि २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सगळीकडे ते शक्य नाही असं सरकारचं म्हणणं होतं. तू यात कोणाची बाजू घेशील? मी पक्ष्याची घेते, कारण विजेला दुसऱ्या वाटा आहेत, त्याला नाहीत. पण वीज हवी म्हणणारा माणूस शत्रू नसतो, हे ध्यानात ठेवूनच बोलायला शिक.

मेंढा लेखाला जाशील तेव्हा बोलण्यापेक्षा ऐक. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव, सुरुवातीला म्हटलं तेच. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तू वाचली असशील. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभा बसते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. हक्क कागदावर मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना मिळवताना २०११ उजाडलं. पूर्वी गडचिरोलीचा बांबू कराराने कागद गिरणीला जायचा. मी रोज कागद हाताळते, म्हणून मला हे टोचतं. जंगल राखणाऱ्याला बांबू तोडायला बंदी, आणि गिरणीला मुभा. गाव आता तोडतं, विकतं, आणि पुन्हा वाढेल एवढंच तोडतं. ‘माणसं बाहेर काढली की जंगल वाचतं’ असं तुला कोणी शिकवलं, तर या गावाचं नाव घे.

देवराईबद्दल तू विचारलंस. तुझ्याच विषयातले डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या, ते काम जरूर वाच. मावळातल्या आजिवलीच्या राईत भेरली माडाची झाडं बघ, वर बघून मान दुखेल इतकी उंच. वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही, हा देवाचा धाक तिथे राखणदार होता. आता धाक ओसरलाय, आणि काही ठिकाणी तर मंदिराचा जीर्णोद्धार करायला राईतलीच झाडं विकली जातात. मला देवरायांबद्दल फार जिव्हाळा आहे, तरी बहीण म्हणून एक सांगून ठेवते. काही राईंत पाळी असलेल्या बायकांना, काही ठिकाणी तर कुठल्याच बाईला आत येऊ देत नाहीत. तू तिथे नमुने घ्यायला जाशील आणि तुला सीमेवर थांबवतील. पहिल्या दिवशी भांडू नकोस. गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी बस, त्यांना त्या राईतलं कुठलं झाड कशाला लागतं ते बाहेर बसून पाठ असतं. पण या प्रथेला ‘परंपरेचं शहाणपण’ म्हणून तुझ्या प्रबंधात गोंजारूही नकोस. झाड राखलं म्हणून बाईला बाहेर ठेवणं बरोबर ठरत नाही.

आता तुझं. पदव्युत्तरसाठी पुण्यात गरवारे महाविद्यालयाचा बायोडायव्हर्सिटीचा एम.एस्सी. आहे, देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे. वस्तूंकडे वळायचं असेल तर लखनौला सांस्कृतिक संपदेच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं. पण तुला एक तिसरी वाट सुचवावीशी वाटते, आणि ती तुझ्या हाताला शोभेल: हर्बेरियम. पुण्यात आघारकर संस्थेत आणि बोटॅनिकल सर्व्हेकडे, मुंबईत ब्लॅटर हर्बेरियममध्ये, हजारो वाळवलेली झाडं कागदावर चिकटवून ठेवलेली आहेत. प्रत्येक पानावर कुठे, कधी, कोणाला सापडलं याची नोंद. एखादी वनस्पती पूर्वी कुठे होती आणि आता का नाही, याचा पुरावा तिथे मिळतो. तिथली कीड, बुरशी, जुना डिंक, ठिसूळ कागद हे माझं काम, आणि त्यावरचं झाड ओळखणं तुझं. दोन्ही येणारी मुलगी मिळाली तर त्यांना हवीच असेल.

काम करायला कुठेही गेलीस तरी राहायची सोय, संडास, रात्री सोबत कोण, गाडी कोणाची, हे जायच्या आधी विचार. ‘निसर्गासाठी आलोय, एवढं चालायचंच’ असं म्हणणाऱ्यांच्या बरोबर पाठवायला मी तयार नाही. आणि मानधनाचं बोलायला लाजू नकोस. या क्षेत्रात ध्येयवादाच्या नावाखाली मुलींना फुकट राबवून घेणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्याच्या राखणीला किंमत मिळाली पाहिजे असं आपण जगाला सांगणार, तर ती तुझ्याही राखणीला मिळाली पाहिजे.

आईला मी रविवारी फोन करते. तिची काळजी खोटी नाही, बाबांच्या नोकरीचं काय झालं ते तिने सोसलंय. म्हणून बँकेचा फॉर्म भरून टाक, आणि त्याच वेळी तिच्याकडून पावसाळ्याचे चार महिने मागून घे. तोवर मला दोन जागा लिहून पाठव, एक रानातली आणि एक हर्बेरियममधली. दोन्हींपुढे राहायचं ठिकाण, वरिष्ठाचं नाव आणि महिन्याचा आकडा हवा. ‘आकड्याचं नंतर बघू’ म्हणाले असतील, तर त्यांना उद्याच परत फोन कर.